पारंपरिक पदार्थांमुळे देशाची ओळख कशी घडते?

माझ्या मते पदार्थ देशाचा होतो तो त्याच्याशी जोडलेल्या सामायिक आठवणीमुळे, आणि ती आठवण ठरल्या दिवशी घरोघरी ताटात वाढली गेल्यामुळे.

हैतीचं बघा. फ्रेंचांच्या राजवटीत तिथले गुलाम मालकांसाठी भोपळ्याचं सूप रांधायचे, पण स्वतः ते प्यायची त्यांना मुभा नव्हती, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र झाला आणि तेच सूप स्वातंत्र्याचं सूप झालं. आजही दर १ जानेवारीला ते हैतीत शिजतं, परदेशी गेलेल्या हैतीकरांकडेही शिजतं. युनेस्कोने २०२१ मध्ये त्याला वारसा यादीत घेतलं, पण लोकांनी त्याला कधीच आपलं मानलं होतं. कोरियाचे दोन देश झाले, तरी हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून किमची, म्हणजे कोबीसारख्या भाज्यांचं आंबवलेलं लोणचं, घालायची रीत दोन्हीकडे राहिली. तीही त्या यादीत आहे, दक्षिणेची २०१३ पासून आणि उत्तरेची २०१५ पासून.

पदार्थ फार जुना असावा लागतो असंही नाही. आषाढी एकादशीला वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात रांगा लागतात आणि मुंबईतल्या मराठी घरांत साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो, शेंगदाणा, बटाटा, मिरची, ही चारही पिकं मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात इथे पोचलेली. ज्ञानेश्वरांच्या काळात यातलं एकही इथे नव्हतं. तरी आज या खिचडीइतकं मराठी उपासाचं दुसरं काही मला सुचत नाही. बाहेरून आलेलं चार-पाच पिढ्यांनी श्रद्धेने रांधलं, की ते पूर्ण आपलं होतं.

सरकारी शिक्क्याने मात्र हे साधत नाही. २०१७ मध्ये दिल्लीत ९१८ किलो डाळ-तांदळाच्या खिचडीचा विक्रम झाला, तेव्हा ती राष्ट्रीय पदार्थ होणार अशी बातमी पसरली आणि तसं काही नसल्याचा खुलासा मंत्र्यांना करावा लागला. मला बरंच वाटलं. एकच ताट देशाचं ठरवलं, की बाकीची ताटं परकी ठरायला वेळ लागत नाही. मुंबईत भाड्याने घर बघायला गेलं, की आजही कित्येक ठिकाणी 'नॉनव्हेज खाता का?' हे आधी विचारतात, आणि मासे खाणाऱ्या कुटुंबाला नकार मिळतो. कोळ्यांच्या या शहरात असं व्हावं, याची मला मनापासून चीड येते.