संकेतस्थळाचा मेनू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नागपुरातील अंबाझरी, फुटाळा आणि गोरेवाडा येथे टिपलेल्या पक्ष्यांचे मी संकेतस्थळ केले आहे. मेनूत एकोणीस नावे असूनही घरचेच विचारतात, ‘फोटो कुठे आहेत?’ (पक्षीनिरीक्षक, प्रतापनगर)

उत्तर : ‘गोरेवाडा डिसेंबर’, ‘फोटो 2’, ‘नवीन फोटो’, ‘संकीर्ण’ ही आपण कळवलेली नावे वाचताच लक्षात आले की ती आपल्या संगणकातील फोल्डरांची आहेत. कोणत्या रविवारी कुठे गेलो होतो हे आपल्याला पाठ असते, पाहुण्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला बहुधा एवढेच हवे असते की हा पक्षी कोणता, तो कुठे दिसतो आणि कधी दिसतो. म्हणून वरच्या पट्टीत ‘पक्षी’, ‘ठिकाणे’, ‘ऋतू’ आणि ‘माझ्याविषयी’ एवढेच शब्द ठेवून बाकीचे सारे त्यांच्या पोटात घालावे. ‘संकीर्ण’ मात्र काढूनच टाका. तो घरातला माळा आहे, तिथे ठेवलेले पुन्हा कोणाला सापडत नाही.

एकाच पानाकडे दोन वाटा गेल्या तर काही बिघडत नाही. हळदीकुंकू बदकाचे पान एकच असावे, पण बदकांच्या यादीतूनही तिथे जाता यावे आणि अंबाझरीच्या यादीतूनही. ज्याला नावच माहीत नाही, त्याच्यासाठी यादीत प्रत्येक नावाशेजारी लहान छायाचित्र द्या. चोचीचे पिवळे टोक आणि मुळाशी असलेला तांबडा ठिपका दिसला की हळदीकुंकू कोणते हे त्याला वाचल्याशिवाय कळेल. विभाग पक्के करण्यापूर्वी प्रत्येक पानाचे नाव एकेका चिठ्ठीवर लिहून, पक्ष्यांशी फारसा संबंध नसलेल्या शेजाऱ्याला त्यांचे गठ्ठे करायला सांगा. तो जिथे अडखळेल, तिथले नाव बदलायचे.

प्रश्न : मोबाइलवर तीन आडव्या रेघांमागे मेनू लपवावा का? (गच्चीवरील बागेचे संकेतस्थळ, धंतोली)

उत्तर : चारच नावे असतील तर लपवू नये. हे चिन्ह नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स स्टार या 1981 च्या संगणकासाठी रेखाटले होते, तरी आजही ते सर्वांनाच उमगते असे नाही. वापरायचेच असेल तर शेजारी ‘मेनू’ असा शब्द लिहावा. डब्ल्यूसीएजी 2.2 या 2023 च्या सुगम्यता निकषांत (अपंगांनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या) बोटाने दाबायच्या जागेसाठी किमान 24 बाय 24 पिक्सेल सांगितले आहेत, पण मातीने भरलेल्या बोटांचा विचार करून मी त्याहून मोठीच जागा ठेवीन.

प्रश्न : इतवारी–नागभीड या जुन्या नॅरोगेज मार्गाविषयी मी तीसएक पाने हाताने लिहिली आहेत. कुठे ‘स्थानके’ आहे, कुठे ‘स्टेशने’, आणि क्रमही बदलतो. आता पानांचे पत्तेही बदलू का? (रेल्वेप्रेमी, मोतीबाग)

उत्तर : ‘स्टेशन’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, तोच सर्वत्र ठेवा. प्रत्येक पानावर मेनूचा क्रम तोच असावा हा निकष वर सांगितलेल्या डब्ल्यूसीएजीच्या 2008 च्या आवृत्तीपासून आहे, आणि त्यामागचे कारण अगदी व्यवहारी आहे : जो पडदा कित्येक पट मोठा करून वाचतो, त्याला एका वेळी पानाचा कोपराच दिसतो, त्यामुळे ‘स्टेशने’ जिथे होते तिथेच तो पुन्हा शोधतो.

हाताने तीस ठिकाणी दुरुस्ती करू नका. मी एकदा तसे केले होते, आणि विसरलेली तीन पाने वर्षभराने एका वाचकाने दाखवली. मेनू एकाच फाइलीत लिहून तो सर्व पानांत आपोआप जोडला जाईल अशी सोय करावी. पाहुणा ज्या विभागात असेल त्याचे नाव ठळक करून अधोरेखित करा, कारण नुसता रंग प्रत्येकाला ओळखता येत नाही. आणि शीर्षकावर ‘मुख्यपान › स्टेशने › उमरेड’ अशी वाट दाखवा.

पत्ते मात्र शक्यतो बदलू नयेत. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्येच हा आग्रह धरला होता. बदलणे अटळ असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे 301 प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर पोचेल; नाहीतर इतरांनी जपून ठेवलेल्या लिंका निकामी होतील.

प्रश्न : प्रत्येक लिंक नव्या टॅबमध्ये उघडावी का? (नाणेसंग्राहक, महाल)

उत्तर : नको. त्याने ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण निरुपयोगी होते, आणि आपल्या मेनूआधी पाहुण्याचे बोट त्याच बटणाकडे जाते.