दहा रकाने आणि दुपारचे तीन तास

कॉलेज प्रवेशाचा सल्ला विचारायला मला जून महिन्यात येणारे फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात. "ताई, याच्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही हो." इथे अमेरिकेत वाढलेली आपली मुलं अकरावी संपवून सुटीत घरी असतात, कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा सामाईक अर्ज पहिल्यांदा उघडला जातो, आणि अभ्यासाबाहेरच्या ॲक्टिव्हिटीजचे दहा रकाने बघून आईबापांचा धीर सुटतो.

ज्या आईची ही गोष्ट आहे (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत), तिने फोनवरच हिशेब मांडला. व्हायोलिन दहावीत सोडलं. डिबेट एक वर्ष. रोबोटिक्स क्लब सहा महिने, तोही मित्र जायचा म्हणून. "तीनच रकाने, आणि तिन्ही अर्धवट. बरोबरीची मुलं मोठमोठ्या युनिव्हर्सिटींच्या समर प्रोग्रॅमला गेलीत. हा घरी."

समर प्रोग्रॅमबद्दल माझं मत जरा कडू आहे. हजारो डॉलर भरून एखाद्या नामांकित आवारात तीन आठवडे राहिलं की तिथली प्रवेश समिती आपल्याला ओळखू लागते, असं काही नसतं. मुलाला विषयाची ओढ असेल तर खुशाल पाठवा. नुसतं अर्जात दाखवायला म्हणून पाठवत असाल, तर ते पैसे फीसाठी ठेवा.

मुलगा भेटायला आला तेव्हा मी अर्ज बाजूला ठेवला आणि त्याला शाळा चालू असतानाचा एक साधा आठवडा कागदावर मांडायला सांगितला. दुपारी तीन ते रात्री दहा, तासातासाने. त्याने सोमवार ते शुक्रवार एकच शब्द लिहिला होता: तीन ते सहा, घरी.

"घरी म्हणजे काय करतोस?"

"काही नाही मावशी. आजोबा असतात ना."

मग तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी आजोबांना पक्षाघात झाला आणि त्यांची वाचा गेली. इंग्रजी पार पुसलं गेलं, मराठी थोडं उरलं. आई-वडील दोघंही नोकरीला. हा शाळेतून येताना धाकट्या भावाला घेऊन यायचा आणि संध्याकाळपर्यंत आजोबांपाशी बसायचा. स्पीच थेरपिस्टने दिलेली चित्रांची कार्डं इंग्रजी होती. ती आजोबांच्या उपयोगाची नव्हती, म्हणून याने आईकडून देवनागरी शिकून घेतली आणि स्वतःची कार्डं केली. विळी, कंदील, छत्री. ३४० कार्डं. कोणत्या दिवशी कोणता शब्द आला, कोणता अडकला, याची वहीसुद्धा ठेवली होती.

"हे कुठेच का लिहिलं नाहीस?"

"ही ॲक्टिव्हिटी थोडीच आहे!"

मी अर्ज उघडून त्याला प्रकारांची यादी दाखवली. खेळ, संगीत, विज्ञान वगैरेंच्या रांगेत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा वेगळा प्रकार आहे. पगारी कामाचाही आहे. पुष्कळ पालकांची नजर तिथपर्यंत जातच नाही. शेजारी आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे विचारलेले असतात. त्याने १५ आणि ४८ लिहिलं. आईने मनातल्या मनात गुणाकार केला, ७२०, आणि गप्प बसली. वर्णनाला इंग्रजीत फक्त १५० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून. त्यात 'सेवा', 'समर्पण' असले शब्द घालायला मी मनाई केली. कार्डं किती, नोंद कशाची, रोज किती वेळ, एवढंच.

इथे माझीही चूक सांगते. मला वाटलं, निबंधाचा विषय सापडला. मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो आणि असा विषय क्वचित हाती लागतो. मी त्याला तसं सुचवलं. तो खाली बघत म्हणाला, "आजोबांवर लिहून ॲडमिशन मिळवायची? त्यांना कळलं तर?" मी दुसऱ्या बाजूने समजावून पाहिलं. नंतर माझीच मला लाज वाटली. मुलाने स्वतःहून नको म्हटलेला विषय रेटायचा नसतो. असा निबंध वाचताना दुसऱ्याचा हात जाणवतो. शेवटी त्याने डिबेट का सोडलं यावर लिहिलं. समोरच्याचा मुद्दा ऐकता ऐकता त्याला तोच पटायला लागायचा आणि हा हरायचा. वाचताना मी दोनदा हसले. त्याचं व्हायोलिन मात्र अर्जात एका ओळीपलीकडे गेलं नाही, आणि जायचं कारणही नव्हतं.

दहावीच्या दुसऱ्या सत्रात त्याला दोन विषयांत 'सी' ग्रेड होत्या. तेच आजारपणाचे महिने. हे सांगण्याची योग्य जागा शाळेच्या समुपदेशकाचं पत्र. पण त्या समुपदेशक बाईंना कळणार कसं? एका समुपदेशकाकडे २५० विद्यार्थी असावेत अशी इथल्या स्कूल काउन्सेलर संघटनेची शिफारस आहे, आणि देशाची सरासरी त्याच्या बरीच वर आहे. म्हणून शाळा पालकांकडून एक माहितीपत्रक भरून घेते. आईने त्यात लिहिलं होतं, 'मेहनती, आज्ञाधारक, सर्वांशी प्रेमाने वागतो.' निम्म्या शाळेच्या आयांनी हेच लिहिलेलं असणार. मी म्हटलं, विशेषणं खोडा आणि तीन प्रसंग लिहा, तारखांसकट. तिला ते जड गेलं. आपल्याकडे घरातलं आजारपण चारचौघांत सांगत नाहीत. दोन दिवसांनी तिने अर्धं पान पाठवलं, आणि तेवढं पुरलं.

कॉलेजांची यादी करताना गाडी वडिलांपाशी अडली. त्यांना एका मोठ्या नावाच्या ठिकाणी अर्ली डिसिजन हवं होतं. त्यात असा अर्ज एकाच कॉलेजला करता येतो, आणि प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, असं आधीच लिहून द्यावं लागतं. कॉलेजने देऊ केलेली आर्थिक मदत अपुरी पडली तर सुटका मागता येते, पण चार कॉलेजांच्या मदतीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करायची संधी जाते. थेरपीचा खर्च चालू असलेल्या घराला ते परवडणारं नव्हतं. मी त्यांना प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता आपल्याला अंदाजे किती खर्च येईल हे सांगणारं गणकयंत्र, भरायला लावलं. सरकारी मदतीत सहभागी असलेल्या कॉलेजांना ते २०११ पासून कायद्याने ठेवावंच लागतं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या, आणि यादीतली तीन मोठी नावं वडिलांनी स्वतःच्या हाताने खोडली.

नऊ ठिकाणी अर्ज गेले, पाच ठिकाणी होकार आला. तो राज्याच्या विद्यापीठात गेला. कार्डांचा डबा त्याने भावाकडे सोपवला.

परवा आईचा पुन्हा फोन होता. धाकटा आता सातवी संपवतोय. "ताई, याला आत्तापासून काय लावू?"

मी विचारलं, आठवीत गणित कोणतं घेतलंय? आठवीत अल्जिब्रा झालं की बारावीपर्यंत कॅल्क्युलसला सहज पोचता येतं, नंतर ती साखळी जुळवायला सुट्या घालवाव्या लागतात. तिला माहीत नव्हतं. शाळेला ईमेल करून विचारते म्हणाली.