लढाऊ विमानांचे फोटो काढण्याचा छंद आपल्याकडे जोपासता येतो का?

पुण्यातल्या लोहगावच्या कुंपणाबाहेर उभं राहून सुखोईचे फोटो काढले तर चालेल का, आणि चालत नसेल तर या आवडीचं करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर : नाही. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमानं तिथं पाहुणी. १९२३चा ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट आजही लागू आहे आणि लष्करी तळांचे फोटो त्याच्या कचाट्यात येऊ शकतात. प्रवासी म्हणून बसलात तरी खिडकीतून फोटो काढू नका, अशी घोषणा होतेच. यूट्यूबवर कुणीतरी टाकलंय म्हणून आपल्यालाही चालेल, असं समजू नका.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी रात्रभर बोलू शकतो. फिल्मचे रोल होते तेव्हापासून हे वेड आहे. नियम एकच ठेवला, हवाई दल स्वतः बोलावतं तिथंच कॅमेरा बाहेर काढायचा. १९९६पासून बंगळुरूजवळ येलहंका तळावर दर दोन वर्षांनी एअरो इंडिया भरतं, तिकीट काढून जाता येतं. २०२५ला तिथं रशियाचं सुखोई-५७ आणि अमेरिकेचं एफ-३५ एकाच वेळी आलं होतं! ८ ऑक्टोबरच्या हवाई दल दिनाच्या कसरती पूर्वी दिल्लीजवळ हिंडनला व्हायच्या. आता शहरं बदलतात : २०२२ला चंदीगड, २०२३ला प्रयागराज, २०२४ला चेन्नई. मुंबईत मरीन ड्राइव्हवरही जानेवारी २०२४मध्ये कसरती झाल्या. तिथं एक पंचाईत असते. समोर पश्चिम, त्यामुळे दुपार कलली की ऊन थेट लेन्समध्ये.

सरावासाठी गोव्यात दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय उत्तम. जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवरून उडालेली सी हॉक आणि अलिझे विमानं तिथं शांतपणे उभी असतात.

आता तंत्र. जेटसाठी शटरचा वेग १/१००० सेकंदापेक्षा जास्त ठेवा. हेलिकॉप्टरला मात्र तो आकडा घातक. फोटोत पाती गोठतात आणि ध्रुव हेलिकॉप्टर दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. १/२५०पर्यंत खाली या, हात बसला की १/१२५, आणि विमानाबरोबर कंबरेतून वळत राहा. पांढरट आकाश कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवतं, विमान काळं पडतं, म्हणून एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवा. दुपारी धावपट्टीवरची हवा थरथरू लागली की लाखाची लेन्सही हतबल. तेव्हा खुशाल जेवून घ्यावं. कोवळ्या उन्हातले फोटोच शेवटी ठेवण्यासारखे निघतात. दमट हवेत विमान जोरात वळलं की पंखांवर वाफेचा पांढरा पट्टा उमटतो. त्यासाठी समुद्रकाठच्या कसरती बंगळुरूच्या कोरड्या फेब्रुवारीपेक्षा सरस.

पण हा छंद टिकतो तो नोंदींवर, असं माझं ठाम मत आहे. विमानाच्या अंगावरचा नंबर, स्क्वाड्रनचं (विमानांच्या तुकडीचं) चिन्ह, तारीख, जागा, सगळं त्याच रात्री लिहून ठेवा. नुसता सुंदर फोटो आज कुणीही काढतो. १९६३पासून हवाई दलात असलेलं मिग-२१ २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला निवृत्त झालं. यातली कितीतरी विमानं आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात बांधलेली. माझ्याकडच्या मिगच्या जुन्या स्लाइड्समध्ये काही अगदी मळकट आहेत, पण नंबर वाचता येतो, म्हणून त्या मला जास्त मोलाच्या. सूर्यकिरण या हवाई दलाच्या कसरतपथकाचंही तसंच, विमानावरून काळ कळतो. २०११पर्यंतच्या फोटोंत किरण विमानं, २०१५नंतरच्या फोटोंत हॉक.

लेन्सचं विचाराल तर सुरुवातीला १००-४०० किंवा १५०-६०० मिमीची वापरलेली झूम पुरे. नवीन कॅमेरा बॉडीवर पैसे घालण्याआधी एका एअरो इंडियाचं तिकीट काढा. येलहंक्यात राहायची सोय महिनोन् महिने आधी करा, नंतर खोल्यांचे भाव विचारायची सोय राहत नाही.