गालावरच्या न भरणाऱ्या फोडावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या पाटगावचा मध किंवा प्रोपोलिस (मधमाश्यांच्या पोळ्यातला राळेसारखा चिकट पदार्थ) लावून त्वचेचा कर्करोग बरा होतो का?

नाही, आणि त्या नादात बायोप्सी लांबवू नका. मध नव्हे, तर मधमाशीच्या विषातलं मेलिटिन पेशींच्या आवरणाला भोकं पाडतं आणि मेलानोमाच्या (त्वचेच्या कर्करोगाचा एक प्रकार) पेशी मारतं हे खरं, पण प्रयोगशाळेत आणि उंदरांवर. ते निरोगी पेशी आणि तांबड्या रक्तपेशीही फोडतं, घोडं तिथंच अडलंय. प्रोपोलिसने काहींना ॲलर्जीचा इसब उठतो, मग मूळ फोड ओळखणंच अवघड. चार आठवड्यांत न भरलेला, रक्त येणारा किंवा रंग-आकार बदलणारा डाग कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ३-४ मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. मध चालतो तो शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेवर, तोही डॉक्टरांनी सांगितला तर आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला. पाटगावची बाटली खायला उत्तम, पण कच्च्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात.