डी-डायमर वाढला, पायाकडे कोण बघणार?

मधुमेह असलेल्या वाचकांकडून एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत येते आहे. 'फुल बॉडी चेकअप'मध्ये रक्त गोठण्याची एखादी चाचणी जास्त आली, आता गुठळी होणार का? त्यातले काही प्रश्न इथे घेतो. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमचा निर्णय तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

वय ६४, मधुमेह १२ वर्षं. डी-डायमर ७८० आला, मर्यादा ५०० लिहिली आहे. दोन आठवड्यांपूर्वी ताप-खोकला होता, आता त्रास काही नाही. रक्त पातळ करण्याची गोळी सुरू करू का?

मनाने अजिबात नको. फायब्रिन म्हणजे गुठळीला धरून ठेवणारं धाग्यांचं जाळं. शरीर अशी गुठळी विरघळवतं तेव्हा जे तुकडे रक्तात उतरतात, ते डी-डायमर. संसर्ग, शस्त्रक्रिया, गरोदरपण, कर्करोग, नुसतं वाढतं वय, यांपैकी कशानेही तो वाढतो. पायाच्या शिरेत किंवा फुफ्फुसात गुठळी असण्याची शक्यता कमी वाटत असेल, तेव्हा ती नाहीच याची खात्री करायला ही चाचणी वापरतात. लक्षणं नसलेल्या माणसाच्या पॅकेजमध्ये ती घालण्यात प्रयोगशाळेचा फायदा आहे, तुमचा नाही. पन्नाशीनंतर मर्यादाही वयाच्या दहापट धरतात, म्हणजे तुमची ६४०. अर्थात रिपोर्टमध्ये आकड्यापुढे एफईयू (FEU, डी-डायमर मोजण्याचं एक एकक) लिहिलं असेल तरच. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. मात्र एकच पाय सुजून दुखू लागला, अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट रुग्णालय गाठा.

पीटी-आयएनआर १.० आहे. म्हणजे रक्तवाहिन्या उत्तम ना?

रक्त गोठायला किती वेळ लागतो एवढंच ती चाचणी सांगते, त्यावरून रक्तवाहिन्यांबद्दल काहीच कळत नाही.

वडिलांचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.२ आणि फायब्रिनोजेन ४६० आहे. फायब्रिनोजेन कमी करणारं औषध कोणतं?

फायब्रिनोजेन म्हणजे गुठळीचं जाळं ज्यापासून बनतं ते रक्तातलं प्रथिन. ते कमी करायला वेगळं औषध देत नाहीत. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं. त्यातून व्हॉन विलेब्रांड फॅक्टर हे प्लेटलेट चिकटवणारं प्रथिन जास्त सुटतं, प्लेटलेट लवकर चिकटतात, फायब्रिनोजेन वाढतं, आणि गुठळी विरघळण्याला अडवणारं पीएआय-१ हे प्रथिन वाढल्यामुळे झालेली गुठळी विरघळायला उशीर लागतो. हे सगळं खरं आहे. पण या आकड्यांवरून एका माणसाचे उपचार ठरत नाहीत. फायब्रिनोजेन साध्या तापातही वाढतं. उपचार करायचे ते साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूवर.

अस्तराची हानी बघायची असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण तपासा. ते पुन्हा तपासल्यावरही ३० मिलिग्रॅम प्रतिग्रॅमच्या वर राहिलं, तर मूत्रपिंडाला इजा होऊ लागली आहे आणि हृदयाचा धोकाही वाढला आहे असं समजायचं. शिवाय वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी. वडिलांच्या या दोन्ही तपासण्या शेवटच्या कधी झाल्या, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ९.२ असताना थांबू नका, याच आठवड्यात त्यांना घेऊन जा.

शेजारी रोज ॲस्पिरिन घेतात. मलाही मधुमेह आहे, हृदयविकार नाही. मीही घेऊ का?

स्वतःहून नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'असेंड' अभ्यासात आधी हृदयविकार किंवा पक्षाघात न झालेले १५,४८० मधुमेही होते. सरासरी ७.४ वर्षांत हृदयविकार-पक्षाघातासारख्या गंभीर घटना ॲस्पिरिन घेणाऱ्यांत ८.५ टक्के, न घेणाऱ्यांत ९.६ टक्के झाल्या. मोठा रक्तस्राव मात्र ४.१ विरुद्ध ३.२ टक्के. फायदा बराचसा तिथेच फिटला. शेजाऱ्यांना कदाचित स्टेंट असेल, त्यांचं गणित वेगळं. आधीच डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन हे वाचून बंदही करू नका.

मिस्टर ५८ वर्षांचे. चाललं की पोटऱ्या भरून येतात, थांबलं की बरं वाटतं. शिबिरात पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी १.४५ आली, 'छान आहे' म्हणाले. दहा दिवसांपासून अंगठा काळा पडला आहे, पण दुखत नाही. गरम पाण्यात हळद घालून शेकतो. आणखी काय करावं?

शेक बंद करा आणि आजच रुग्णालयात जा. उद्या नाही.

पोटऱ्यांचं ते दुखणं वयाचं म्हणून सोडून देऊ नका, पायाची धमनी अरुंद झाल्याचं ते ठळक लक्षण आहे. शिबिरात घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहिला असणार. ते प्रमाण ०.९ च्या खाली गेलं की रक्तपुरवठा कमी, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण १.४ च्या वरचा आकडा 'छान' नसतो. मधुमेहात धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, पट्ट्याने ती दाबलीच जात नाही, आणि आकडा फसवा चढतो. अशा वेळी पायाच्या बोटातला रक्तदाब मोजावा लागतो, कलर डॉप्लर करावा लागतो. असा आकडा हातात देऊन रुग्णाला घरी पाठवलं, याचा मला संताप येतो.

दुखत नाही ही तर धोक्याचीच खूण. नसा बधिर झालेल्या पायाला भाजलेलंही कळत नाही. गरम पाण्याने, शेगडीने, चैत्रात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालल्याने पाय पोळतो आणि घरच्यांना कळतं ते पू आल्यावर. मग लग्न आटोपू दे, मुलगा शनिवारी येऊ दे, म्हणत दिवस जातात. अरुंद धमनी वेळेत सापडली तर तिच्यात फुगा फुगवून किंवा बायपासने पुष्कळदा रक्तपुरवठा परत आणता येतो. उशीर झाला की आधी बोट जातं, मग पाऊल.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांना सांगावं. कुरूप ब्लेडने कापू नये. बिडी-सिगारेट सोडावी, मिश्री आणि गुटखाही. आणि डॉक्टरांनी म्हटलं नाही तरी दर भेटीत चपला-मोजे काढून पाय दाखवावेत. वर्षातून एकदा १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तेवढ्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या धाग्याने) संवेदना आणि हाताने पायाची नाडी तपासून घ्यावी. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तेच होत नाही.

सलाइनमधून ईडीटीए (शरीरातले धातू बांधून बाहेर काढणारं औषध) देऊन ब्लॉकेज विरघळवतात, बायपास टळतो, असं कळलं. करावं का?

नाही. २०१३ च्या अमेरिकी 'टॅक्ट' अभ्यासात मधुमेहींना फायदा झाल्यासारखा दिसला होता, त्याचीच जाहिरात अजून चालते. तो फायदा खरा आहे का, हे पडताळायला पूर्वी हृदयविकाराचा झटका आलेल्या मधुमेहींवर 'टॅक्ट-२' झाला. २०२४ साली निकाल आला: फायदा नाही. जाहिरातीत हे सांगत नाहीत. ब्लॉकेज किती आणि कुठे आहे, ते हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. सलाइनची बैठक-बैठक मोजत बसाल तर उपचाराचे महिने हातचे जातील.

रोज दोन पाकळ्या लसूण खातो. आता क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट चिकटू न देणारी गोळी) बंद केली तर चालेल?

चालणार नाही. लसूण जेवणात खुशाल खा. तुम्हाला स्टेंट बसवला असेल आणि गोळी मनाने थांबवली, तर त्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. लसणीच्या कॅप्सूल घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, या गोळीबरोबर रक्तस्राव वाढू शकतो.