सुईदोरा : पोरं सांभाळून गोधडी आणि मोजे

या वेळी पत्रांचा नुसता पाऊस आहे आणि बहुतेकींचं रडगाणं एकच, पोरं लहान आहेत आणि हात शिवशिवतायत. चार पत्रं घेतलीत, बाकीच्यांनी आपलं उत्तर यातच शोधा.

प्रश्न : ताई, मी देवगडची. मुलगी तीन वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. आजेसासूबाईंची सुती नऊवारी लुगडी माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, त्यांची मुलांसाठी गोधडी करायचीय. पण पडवीत पसरलं रे पसरलं की एक त्यावर लोळते आणि दुसरा रांगत येऊन दोरा ओढतो, मग परत गुंडाळून ठेवते. सरळ मशीनवर मारू का? आणि थर किती घेऊ?

उत्तर : मशीनवर नको गं. घरच्या मशीनच्या पायाखाली इतके थर सरकतात, चुण्या पडतात, आणि जुनं कापड त्या बारीक टाक्याच्या रेषेवरच आधी फाटतं. हातानेच कर, पण पसरून करू नकोस.

आधी थरांचं सांगते. नऊ वार म्हणजे २७ फूट. साडेचार-साडेचार फुटांवर घडी घालत गेलीस की एका लुगड्यात बरोबर ६ थर बसतात, पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साधारण ४५ इंच म्हणजे पावणेचार फूट, झाली की पोराची गोधडी, कुठे जोड नाही काही नाही. ६च्या वर जाऊ नकोस. घाटावर दहा-बारा थरांची जाडजूड गोधडी शोभते, आपल्याकडे जुलैत ती एकदा पोराने ओली केली की चतुर्थीपर्यंत वाळायची नाही. एक जाड करण्यापेक्षा दोन पातळ कर, एक दोरीवर एक अंगाखाली. कापायच्या आधी लुगडं उजेडापुढे धर आणि दोन्ही हातांनी जरा ताण, जिथे टर्रकन आवाज येईल तो भाग आतल्या थरात जाईल, धड असेल तो वर. जरीचा काठ उसवून बाजूला ठेव, पोराच्या गालाला टोचतो. आणि कपाटातली एखादी पॉलिस्टरची साडी रंग छान आहे म्हणून मध्ये कोंबू नकोस हं, ती ओल शोषत नाही.

आता पसरायचं. आपल्या पद्धतीत सगळे थर जमिनीवर पसरून कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवून कच्चे टाके घालतात, त्याला रिकामी पडवी आणि चार बायका लागतात, तुझ्याकडे दोन्ही नाही. म्हणून मी सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, सुचवते. हे लोक आपल्या खालच्या अंगाला, उत्तर कन्नडात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला राहतात, यांचे बरेचसे पूर्वज पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यात आणलेले. त्यांच्या बायका अख्खी गोधडी आधी मांडतच नाहीत. खालचं कापड घेतात, कोपऱ्यापासून तुकडा ठेवायचा, कड आत दुमडायची, धावदोरा घालत पुढे जायचं, पुढचा तुकडा त्याच्यावर थोडा चढवायचा, असं चारी कडांनी फिरत फिरत आत मधोमध यायचं. काम मांडीवर राहतं, बाळ उठलं की सुई खोचायची, गुंडाळी करायची, उठायचं. कच्चे टाके नाहीत, टाचण्या नाहीत. तू तळाला लुगड्याचे तीन-चार थर घे, कडेने तेवढे टाचून घे, आणि वरती दुसऱ्या लुगड्याचे तुकडे. टाक्यांच्या ओळीत एक इंच अंतर पुरे. दोरा जाड सुती, मशीनचा रीळ नको. दोरा हातभरच ओवायचा, लांब घेतला की गुंता आणि गुंता म्हणजे पोराला आमंत्रण. बोटात अंगुस्तान घाल, आईचं बोट टोचलेलं बरं नाही, नंतर मिरच्या कापायच्याच असतात.

त्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना तुकडे त्रिकोणी दुमडून एकावर एक टाचलेली 'फुलं' असतात. ते त्रिकोण दुमडायचं काम तुझ्या मुलीला दे. तीन वर्षांच्या पोरीला ते येतं, वाकडं येतं पण येतं, आणि तेवढा वेळ ती लोळत नाही. फक्त धाकट्याच्या गोधडीला फुलं लावू नकोस, तो ती तोंडात घालेल.

सुईचं मात्र कडक. बसताना एकच सुई काढायची, उठताना तीच झाकणाच्या डब्यात घालून फडताळावर. कामात खोचलेली सुई म्हणजे दोन मिनिटांपुरती, बाळ कडेवर असताना. सुई हरवली तर सापडेपर्यंत त्या खोलीत रांगणारं पोर सोडायचं नाही, मग भात करपला तरी चालेल.

अजून एक, आठ महिन्यांच्या बाळाच्या अंगावर गोधडी घालायची नाही. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपताना सुटं पांघरूण नको असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, तोंडावर आलं तर त्याला ते बाजूला करता येत नाही. खाली अंथर, ताणून, चुणी न ठेवता. पांघरायची ती मुलीची.

प्रश्न : दापोलीहून लिहितेय. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत फरशी गारठते, मुलगा साडेतीन वर्षांचा, चप्पल घरात घालत नाही. मोजे विणायला घेतले पण पाच सुयांवर डोकं फिरतं आणि टाच तर जमतच नाही. सासूबाई मालवणकडच्या, त्या म्हणतात, मोजे घालून झील काय सायब होतलो?

उत्तर : होऊ दे की सायब! दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणतात ते काय उगाच, सासूबाईंना म्हणावं थंडीत चार दिवस फरशीवर अनवाणी फिरून दाखवा. (हे मनातल्या मनात म्हण.)

पाच सुया म्हणजे दहा उघडी टोकं, लहान मूल असलेल्या घरात ते नकोच. ८० सेंटीमीटरची किंवा १०० ची एकच गोल सुई घे, मधली वायर फास काढून बाहेर ठेवायची आणि अर्धे-अर्धे टाके विणायचे, याला मॅजिक लूप म्हणतात, व्हिडिओ भरपूर आहेत. मुलगा धावत आला की टाके ढकलून वायरवर घ्यायचे, मग त्याने ओढलं तरी एक टाका गळत नाही. लोखंडी सुई आपल्या खाऱ्या हवेत गंजते आणि पांढऱ्या लोकरीवर डाग उतरतो, त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमची घे. बांबूची चांगलीच, पण पावसात दमट होऊन लोकर तिच्यावर सरकत नाही.

टाच नाही जमत तर टाच घालूच नकोस. खरंच सांगते, वाढत्या पोराला बिनटाचेचा पिळाचा मोजा सगळ्यात बरा. त्याच्या घोट्याजवळून गोल माप घे, समज १५ सेंटीमीटर आलं, आणि तुझ्या विणीत १० सेंटीमीटरला ३० टाके बसतात, म्हणजे ४५ टाके झाले, त्यातले दहाव्या हिश्श्याएवढे कमी कर, मोजा जरा ताणूनच बसायला हवा, ४० टाके घाल. दोन सुलट दोन उलट अशी पट्टी दोन-अडीच इंच. मग तीच वीण, फक्त दर चार ओळींनी एक टाका पुढे सरकवायची, म्हणजे पट्ट्या तिरक्या फिरत जातात आणि मोजा पायाला पिळासारखा धरून बसतो. टाच कुठेही येऊ दे, पोर कसाही घालू दे, आणि पाय वाढला की टाच खाली सरकते. पंजाला दर दुसऱ्या ओळीत चार टाके कमी करत जा, शेवटी आठ उरले की दोरा ओवून आवळून टाक.

लोकरीचं म्हणशील तर दुकानात बेबी वूल म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असतं, पाय घामेजतो. नुसत्या सुती दोऱ्याचा मोजा दुपारपर्यंत ढगळ होतो. मोज्यांची खास लोकर येते, साधारण ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन, महाग आहे पण ३-४ वर्षांच्या पोराला ५० ग्रॅमची एक गुंडी पुरते. फरशीवर घसरू नये म्हणून तळव्याला रबरी ठिपके मारून घे, नाहीतर घरात अनवाणीच बरा.

ज्यांची बाळं अगदी लहान आहेत त्यांनी हे वाचा : मोजा घालायच्या आधी उलटा करून आतले सुटे धागे कापायचे. बाळाच्या बोटाभोवती धागा किंवा आईचा केस गुंडाळला जातो, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. बाळ काही केल्या गप्प होत नसेल तर मोजे काढून बोटं बघायची, एकेक सुटी करून. धागा रुतलेला असेल तर उशीर न करता डॉक्टरकडे.

प्रश्न : ताई, मी वेंगुर्ल्याचा, पत्र बघून हसू नका, आमच्याकडे धुणंवाळणं माझ्याकडे आहे. आईने केलेल्या गोधड्यांना पावसात कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात. डांबरगोळ्या ठेवल्या तर चालतील का, बाळ दोन महिन्यांचं आहे.

उत्तर : हसले नाही, उलट पत्र घरात मोठ्याने वाचून दाखवलं. डांबरगोळ्या अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, त्यांना डांबरगोळीच्या, म्हणजे नॅप्थलीनच्या संपर्काने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि आपल्या बाळाला ते आहे की नाही हे दिसत नाही. वाळवलेला कडुलिंबाचा पाला सुती पिशवीत बांधून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गोधडी भरायची नाही, ओल आत कोंडते. खरा उपाय मे महिन्यातच करायचा असतो, पण तेव्हा खळ्यात सोलं, आंबापोळी, फणसाचे पापड, गोधडीला कोण जागा देतो! एक कोपरा मागून घ्या, दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या आणि निवल्यावरच घडी घाला, गरम असताना नको. पावसात उघडीप मिळेल तेव्हा पंख्याखाली दोरीवर टाका. काळे ठिपके आले असतील तर ती बाळाला नको, फार झाले असतील तर दाराशी पायपुसणं.

प्रश्न : राजापूर. माझी गोधडी बघून मुंबईच्या चुलत जावेने "मलाही एक दे ना करून" म्हटलंय. पैसे कसे मागू?

उत्तर : तोंडाने. किती रुपये ते मी सांगणार नाही, पण बसलेला प्रत्येक तास कॅलेंडरवर लिहून ठेव, एक गोधडी संपेपर्यंत, आणि तासाला तुझ्या गावात शेतावरच्या बाईला जी मजुरी मिळते तिच्याखाली उतरू नकोस. आकडा बघून जाऊबाई दचकतील, दचकू देत, तो कागद त्यांच्यापुढे धर. कापड त्यांनी द्यायचं, सुती, धुतलेलं. निम्मे पैसे आधी. आणि चतुर्थीला येतील तेव्हा न्यायची असेल तर जुनी लुगडी शिमग्याला येतानाच घेऊन या म्हणावं, जुलैत आलेलं कापड मी वाळवू कुठे?