पाहण्याची घाई आणि 'द अमेरिकन्स'

प्रश्न : छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांचे 'द अमेरिकन्स' हे गाजलेले पुस्तक मुलाने मला भेट दिले, पण त्यातील छायाचित्रे मला काळवंडलेली, तिरपी आणि नीरस वाटली. अर्ध्या तासात पुस्तक संपले. ते पाहावे तरी कसे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपली तक्रार जुनीच आहे. १९५९ मध्ये हे पुस्तक अमेरिकेत निघाले तेव्हा तिथल्या समीक्षकांनीही धूसरपणा, फिल्मचे ठळक रवे (दाणेदारपणा) आणि कललेली क्षितिजे यांवरच बोट ठेवले होते. मात्र ८३ छायाचित्रे अर्ध्या तासात उरकण्याजोगी नाहीत.

१९५५ साली न्यू ऑर्लीन्समध्ये टिपलेले ट्रॉलीचे, म्हणजे ट्रामचे, छायाचित्र उघडून बसा. खिडक्यांच्या रांगेत पुढे गोरे आणि मागे कृष्णवर्णीय प्रवासी आहेत, म्हणजे तेव्हाचा वर्णभेदाचा कायदाच समोर उभा आहे, एवढे चटकन ध्यानात येते आणि पान उलटण्याचा मोह होतो. खरे पाहणे तिथून पुढे सुरू होते. खिडक्यांमधल्या उभ्या पट्ट्यांनी प्रत्येकाला आपापल्या चौकटीत कोंडले आहे. मधल्या खिडकीत दोन गोरी मुले आहेत, आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून पाहणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषाच्या चेहऱ्यावर विनवणी आहे, थकवा आहे की निव्वळ कुतूहल, हे कितीही वेळ पाहिले तरी ठरत नाही. वरच्या काचांत तर रस्त्याची नुसती विरघळलेली प्रतिबिंबे आहेत, जणू छायाचित्रात आणखी एक छायाचित्र.

दुसरे असे, की फ्रँक यांनी हजारो छायाचित्रांतून ही निवडली आणि त्यांचा क्रमही विचारपूर्वक लावला. लाँग बीच येथे दोन ताडांमध्ये कापडाखाली झाकून ठेवलेली मोटार दिसते. पुढच्याच छायाचित्रात ॲरिझोनातील रस्त्याकडेला अपघातानंतर घोंगडीखाली झाकलेला देह आणि त्याच्याशेजारी गुमान उभी असलेली चार माणसे. आणि त्यानंतर न्यू मेक्सिकोचा जवळजवळ निर्मनुष्य, सरळ रस्ता. ही छायाचित्रे सुटी पाहिली तर यांतली पहिली मोटार अगदीच किरकोळ वाटेल, पण पान उलटल्यावर मागे वळून ती पुन्हा पाहावी लागते.

सगळीच छायाचित्रे आवडली पाहिजेत असे नाही. काही मलाही शेजारच्या छायाचित्रांच्या आधारानेच उभी वाटतात. एका बैठकीला चार-पाचच पाहावीत. अमेरिकी लेखक जॅक केरुआक यांची प्रस्तावना मात्र शेवटी वाचावी, कारण तिचा आवेश असा आहे की आपल्या आधी तीच चित्र पाहून मोकळी होते.